चकाकीतल्या सूचना: आणीबाणीवरच्या मुद्राचित्रांच्या कामनोंदी

१२ जानेवारी २०२५

येत्या जूनमध्ये आणीबाणीला ५० वर्षं होतील. त्या काळातल्या वर्तमानपत्रांवर सेन्सॉरची कात्री कशी चालली, यावर स्क्रीन प्रिंटिंगमध्ये एक मालिका करायची आहे. आकार २३ बाय ३६ इंच, म्हणजे साधारण उघडलेल्या वर्तमानपत्राएवढा. प्रत्येक चित्राच्या २० प्रती.

आजची कल्पना अशी: सेन्सॉरने कोऱ्या ठेवायला लावलेल्या जागा शोधायच्या, त्या जशाच्या तशा मापाने उचलायच्या आणि फक्त कोरेपणाची मालिका छापायची. २८ जून १९७५ च्या ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती, ते पान सगळ्यांना ठाऊक आहे. तसलीच मराठी पानं मिळतील असं गृहीत धरून निघाले आहे.

२ फेब्रुवारी

ग्रंथालयात १९७५ चे बांधीव खंड पाहायला सुरुवात केली. अशी कामं करणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी.

१९७०च्या दशकातला न्यूजप्रिंट आता चहाच्या रंगाचा झालेला असतो आणि घडीवर तुटतो. खंड टेबलावर सपाट उघडू नका. दोन्ही बाजूंना गादीच्या फोमचे तिरके तुकडे ठेवले तर शिवणीवर ताण येत नाही. मी फोमच्या दुकानातून १४० रुपयांत तुकडे कापून आणले. ग्रंथपालबाईंना ते इतके आवडले की एक जोडी तिथेच ठेवून घेतली, आणि तेव्हापासून माझं काम जरा सोपं झालं. शिवणीकडचा रकाना फोटोत नेहमी वाकडा येतो, त्यामुळे मापं फोटोवरून काढू नयेत. कापडी टेपने पानावरच घ्यावीत आणि फोटो फक्त आठवणीसाठी ठेवावा. फ्लॅश अर्थातच नाही.

१६ फेब्रुवारी

कोऱ्या जागा नाहीत.

जून अखेरीची, जुलैची, ऑगस्टची पानं झाली. पानं भरलेली आहेत, गच्च भरलेली. पाऊस, धरणातलं पाणी, सोन्याचा भाव, सिनेमाच्या जाहिराती, १ जुलैला जाहीर झालेला वीस कलमी कार्यक्रम आणि पुन्हा पाऊस. तारीख झाकून कोणी ही पानं दाखवली, तर देशात हजारो माणसं विनाचौकशी तुरुंगात आहेत असं कोणालाही वाटणार नाही.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत काही संपादकांनी कोऱ्या जागा सोडून निषेध नोंदवल्यावर सेन्सॉरच्या मार्गदर्शक सूचनांत तेही आलं: अग्रलेखाची जागा कोरी ठेवायची नाही, आणि ती भरायला गांधी, टागोर, नेहरू यांची वचनंही वापरायची नाहीत. म्हणजे गप्प बसायचं, पण गप्प बसलोय हे दिसू द्यायचं नाही.

माझी मूळ कल्पना इथे संपली. काळ्या पट्ट्या मारलेला मजकूर हा दुसरा सोपा मार्ग होता. पोस्टरवर तो छान दिसतो. पण त्या दिवसांत वाचकाच्या हातात काळी पट्टी पडलेली नव्हती. त्याच्या हातात पाऊस आणि सोन्याचा भाव पडला होता. काळी पट्टी मारणं म्हणजे सेन्सॉरला त्याच्याहून जास्त प्रामाणिक दाखवणं.

१ मार्च

ओळखीतून एक निवृत्त जुळारी (कंपोझिटर) भेटले. १९७५ ला ते एका छोट्या दैनिकात खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, जुळवत होते. त्यांच्याकडून कळलं ते त्यांच्या भाषेत लिहून ठेवते.

“ताई, रात्री प्रुफं सेन्सॉरकडे न्यायची, ती परत यायची वाट बघायची. एखादी बातमी गेली की पानाला भोक. कोरं सोडायची सोय नाही, नवीन जुळवायला वेळ नाही. मग भरीचा मजकूर लागायचा. तो आम्ही दुपारीच जुळवून गॅलीत बांधून ठेवायचो. आवळ्याचे गुण, चष्मा कसा पुसावा, जगातला सगळ्यात मोठा मासा. दोन इंच, तीन इंच, पाच इंच, सगळ्या मापाचा माल तयार. भोक बघायचं, मापाचा मासा टाकायचा.”

मी विचारलं, पानावर तो ओळखू येतो का? म्हणाले, “आमच्याकडचा यायचा. भरीच्या मजकुराला आम्ही जुने झिजलेले खिळे वापरायचो. वेलांटीची शेपटी तुटलेली दिसेल.”

घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले. काही रकान्यांच्या तळाशी खरोखरच चार-पाच ओळींचा असा मजकूर आहे, शेजारच्या बातमीपेक्षा अक्षर बोथट, वेलांट्या अर्धवट. पण लगेच उड्या मारण्यात अर्थ नाही. भरीचा मजकूर वर्तमानपत्रं एरवीही वापरत होतीच. १९७३ च्या खंडातही आवळ्याचे गुण आहेत. म्हणून नियम ठरवला: ज्या तारखेला काय छापू नये याचा कागदोपत्री पुरावा आहे, त्याच तारखेचं पान घ्यायचं. नुसत्या संशयावर एकही चित्र करायचं नाही.

९ मार्च

पुराव्याचे मुख्य साठे दोन. पहिला, प्रसारमाध्यमांच्या गैरवापरावर आणीबाणीनंतर आलेल्या जनता सरकारने ऑगस्ट १९७७ मध्ये काढलेली श्वेतपत्रिका. दुसरा, आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचे अहवाल: आयोग मे १९७७ मध्ये नेमला गेला आणि त्याचे तीन अहवाल १९७८ मध्ये आले. दोन्ही इंग्रजीत आहेत, रटाळ आहेत, आणि त्यात सोनं आहे. अडचण एकच. सेन्सॉरचे बरेच हुकूम फोनवर दिले जात. फोनला दप्तर नसतं. जे लिहिलं गेलं तेवढंच आपल्या हाती.

आता नवा आराखडा. खालचा थर: त्या दिवशीचं छापलेलं पान, फिकट राखाडी शाईत. वरचा थर: त्या काळी लागू असलेली सूचना, रंगहीन चकाकीत. समोरून पाहिलं तर साधं पान. बाजूला सरकून उजेड तिरका पडला की वरची अक्षरं चमकतील. वाचकाला मान वाकडी करावी लागली पाहिजे.

२३ मार्च

हक्कांचा विषय टाळू नका, शेवटी तोच गळ्याशी येतो. बिननावी मजकुराचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे १९७५ चा असा माल २०३५ संपेपर्यंत कोणाचा तरी आहे. नावाने लिहिलेल्या लेखाचं तर लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. तीन दैनिकांना परवानगीची पत्रं पाठवली होती. एकाने आनंदाने होकार दिला, एकाने एका पानाचे जे दर सांगितले त्यात माझी पूर्ण मालिका छापून होईल, तिसऱ्याकडून उत्तर नाही.

उलट, विधिमंडळासमोर किंवा संसदेसमोर ठेवलेले आयोगांचे अहवाल आणि न्यायालयांचे निकाल पुन्हा छापायला कायद्यातच मुभा आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ वाचा. गंमत बघा, सेन्सॉरच्या सूचना मला फुकट आहेत आणि आवळ्याचे गुण विकत.

मग पान छापण्याऐवजी पानाची मोजणी छापायची ठरवली. रकान्यांच्या चौकटी मापाबरहुकूम, आणि प्रत्येक चौकटीत तिथे काय होतं ते माझ्या शब्दांत: “पाऊस, २ रकाने, ११ सेंमी.” “साखरेचा कोटा.” “सिनेमा, पाव पान.” “मासा, ४ ओळी.” माहितीवर कोणाचा हक्क नसतो. आणि हे मूळ कल्पनेपेक्षा बरं दिसतंय. जुन्या पानाचा फोटो पाहिला की लोक आधी हळहळतात, “काय ते दिवस!” म्हणतात आणि साबणाच्या जाहिराती वाचत बसतात. याद्या वाचताना तसं होत नाही.

छापील फोटोतले ठिपके पुन्हा ठिपक्यांत फोडले की पडणारी जाळी हा स्क्रीन प्रिंटिंगमधला कायमचा ताप, तोही गेला.

६ एप्रिल

पानं पक्की केली. काही इथे नोंदवते.

२८ जून १९७५. कोऱ्या अग्रलेखाऐवजी त्याच दिवशी मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आलेली लोकशाहीच्या निधनाची छोटी जाहिरात घेतली. निधनवार्तांच्या रकान्यात, इतरांच्या आई-वडिलांच्या मधोमध ती बसली होती आणि तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटली. २३ बाय ३६ च्या कागदावर ती मूळ मापातच ठेवणार. मोठी करायचा मोह सगळ्यांना होतो, मोठी केली की ती मेली.

जुलै १९७५, संसद अधिवेशन. सूचना अशी की मंत्र्यांची निवेदनं छापता येतील; सभासदांची भाषणं कोणत्याही स्वरूपात नाहीत, फक्त कोण बोललं आणि कोणत्या पक्षाचं ते द्यावं. या चित्राला वेगळं काही करावंच लागत नाही.

१० फेब्रुवारी १९७६. मुंबई उच्च न्यायालय, ‘फ्रीडम फर्स्ट’ नियतकालिकाचे संपादक मिनू मसानी यांचं प्रकरण. न्यायमूर्ती मादन आणि कानिया यांनी सांगितलं की सगळ्यांनी एकाच वाऱ्याला शीड धरावं आणि एका सुरात बोलावं हे बघणं सेन्सॉरचं काम नव्हे. आणीबाणी चालू असताना दिलेला निकाल आहे हा, नंतरचं शहाणपण नव्हे. त्या काळी निकालांच्या बातम्यांवरही बंधनं होती. इथे खालचा थर बदलला: निकाल राखाडीत ठळक, सूचना वर चकाकीत.

४ मे १९७६ पासून किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून गायब. हे पान वर्तमानपत्राचं नव्हे, रेडिओच्या कार्यक्रमपत्रिकेचं. मित्रांच्या मते ते बाकीच्या गंभीर पानांत शोभत नाही. मला वाटतं तेच सगळ्यात गंभीर आहे. गाण्यात राजकारण नव्हतं, गायकाने सरकारी कार्यक्रमाला नकार दिला होता.

कऱ्हाड, डिसेंबर १९७५, हे अजून सुटत नाही. साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री. जयप्रकाश नारायण तेव्हा मुंबईत जसलोक रुग्णालयात आजारी होते, आणि दुर्गाबाईंनी मंत्र्यांच्या समोर त्यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं. इथे कोणी गप्प बसलेलं नाही, मग चकाकीत काय छापू? दुर्गाबाईंचे शब्द वापरायचे तर पुन्हा हक्क. सध्या ते बाजूला.

२० एप्रिल

स्क्रीन. अॅल्युमिनियम फ्रेम, बोल्टिंग (फ्रेमवर ताणायची जाळी) १२० नंबरचं, एक नग १,६५० रुपये. चौकटीतला मजकूर ९ पॉइंटमध्ये लावला होता. फिल्ममधून स्क्रीनला उजेड देऊन (एक्सपोझ करून) धुतल्यावर रेषा नीट आल्या, पण अनुस्वार गेले. सगळे नाहीत, बारीक काळजी घेऊन निवडल्यासारखे अधूनमधून. “संसद”चं “ससद” झालं, “सोयाबीन बंद”चं “सोयाबीन बद”. सेन्सॉरवरच्या चित्रात अनुस्वार उडणं हा विनोद म्हणून एकदा चालतो.

कारण: फिल्मवरचा काळा पुरेसा घट्ट नव्हता आणि एक्सपोझर जास्त झालं, त्यामुळे कडेने उजेड शिरून सगळ्यात लहान ठिपके आधी बंद झाले. इंकजेटची फिल्म टाकून इमेजसेटर यंत्राची जास्त घट्ट काळी फिल्म (पॉझिटिव्ह) काढून घेतली, एक २८० रुपये. अक्षर ११ पॉइंट केलं आणि वेळ अडीच मिनिटांवर आणली. आता येताहेत. पहिल्या फिल्म वाया, साधारण १,१०० रुपये.

११ मे

चकाकी फसली. मॅपलिथो, म्हणजे चकाकी नसलेल्या साध्या छपाईच्या कागदावर (१०० जीएसएम, रीम २,६०० रुपये) ट्रान्सपरंट बेस, म्हणजे रंग न घातलेली पारदर्शक शाई छापली. कागदाने ती पिऊन टाकली. वाळल्यावर भज्यांच्या कागदावरच्या तेलासारखे डाग, समोरूनही दिसणारे आणि तिरक्या उजेडात न चमकणारे. हवं होतं त्याच्या बरोब्बर उलट. दोन हात, तीन हात दिले, डाग आणखी गडद.

आर्ट पेपरवर करून पाहिलं. चकाकी येते, पण कागद स्वतःच चमकतो आणि सगळं बिल्डरच्या माहितीपत्रकासारखं दिसतं.

१८ मे

उपाय लग्नपत्रिकेच्या दुकानात होता. पत्रिकेवरचा फुगीर, काचेसारखा गणपती यूव्ही वार्निशचा (अतिनील उजेडाखाली सुकणाऱ्या वार्निशचा) असतो आणि तो स्क्रीननेच छापतात. पुण्यात आप्पा बळवंत चौकाच्या आसपास अशी कामं करणारे बरेच आहेत. मजकूर पाहून एका मालकांनी विचारलं, “ताई, हे राजकीय आहे का?” म्हटलं, “५० वर्षांपूर्वीचं आहे.” म्हणाले, “मग हरकत नाही. पण आमचं नाव नका टाकू खाली.” ते टाकलं नाही, इथेही टाकत नाही.

त्यांनीच तंत्र सांगितलं. उघड्या कागदावर यूव्ही चढवायचं तर आधी कागदाची तोंडं बंद करा: मोकळ्या स्क्रीनमधून मॅट वार्निशचा एक सपाट हात, तो पूर्ण वाळवायचा, मग वर यूव्ही. मॅट हातामुळे कागद कागदासारखाच दिसतो आणि यूव्ही पृष्ठभागावर बसतं. पहिला नमुना तिथल्या ट्यूबलाइटखाली तिरका धरला आणि “नाव व पक्ष तेवढा द्यावा” ही ओळ एकदम उठून आली. कामावरचा मुलगा म्हणाला, “भारी, पण वाचायला त्रास होतो.” झालं.

यूव्ही जाड बसतं, त्यामुळे अक्षरांच्या पोटातल्या पोकळ्या भरतात. ‘ठ’ आणि ‘ब’ आधी बुजतात. वरचा मजकूर १८ पॉइंटखाली घेऊ नये, पातळ वळणाचा फाँट टाळावा.

मे महिन्यात त्यांना श्वास घ्यायला वेळ नाही. आषाढी एकादशीनंतर चातुर्मास, पत्रिका बंद. तेव्हा दर कमी आणि मशीन मोकळं. म्हणजे २५ जूनची तारीख हुकणार.

२५ जून

हुकली, आणि वाईट वाटत नाही. गेल्या वर्षी केंद्र सरकारने हा दिवस ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून जाहीर केल्यापासून आज गावोगावी सरकारी प्रदर्शनं आहेत. त्यांतल्या एकात जागा मिळेल असा निरोप आला होता. नाही म्हटलं. एका सरकारने बोलणं कसं बंद केलं हे दुसऱ्या सरकारच्या मंडपात दाखवलं की चित्राचा अर्थ मंडप ठरवतो. ज्यांनी होकार दिला त्यांच्यावर राग नाही. जागा, दिवे, प्रेक्षक सगळं फुकट होतं.

२० जुलै

पावसाने खालच्या थराची वाट लावली. राखाडी थर आदल्या आठवड्यात छापून ठेवला होता. दमट हवेत कागद रुंदीच्या बाजूने जवळपास २ मिलिमीटर फुगला आणि सूचना आपल्या चौकटीतून शेजारच्या पावसाच्या बातमीत सरकली. १२ ताव बाद. आता सगळे थर एकाच जागी, लागोपाठ; दोन थरांमधला कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून वजनाखाली. वाळवण यंत्रातून निघाल्यावर ताव पापडासारखे वळतात, तेही रात्रभर वजनाखाली सरळ होतात. इमल्शन (स्क्रीनवरचा उजेडाने घट्ट होणारा लेप) दमट हवेत वाळत नाही, ते रूम हीटरसमोर वाळवावं, नाहीतर धुताना ते अख्खं निघून येतं.

कऱ्हाडचं पान सुटलं. मालिकेतली एकमेव कोरी चौकट तिथे ठेवली आहे. चौकटीखाली ११ पॉइंटमध्ये फक्त स्थळ, महिना आणि वर्ष. सेन्सॉरने कोरी जागा नाकारली होती; ती इथे सभेने प्रार्थनेसाठी स्वतःहून घेतलेली आहे. या तावावर चकाकी अजिबात नाही.

३ ऑगस्ट

प्रदर्शनासाठी एका सभागृहाचा अर्ज भरला. अटींमध्ये एक ओळ: प्रदर्शित करायचा सर्व मजकूर सात दिवस आधी व्यवस्थापनाला दाखवून मान्य करून घ्यावा. कार्यालयातले गृहस्थ सभ्य होते. “रूटीन आहे हो, सगळ्यांनाच असतं.” त्यांना मालिकेचे फोटो दिले. समोरून काढलेल्या फोटोंत चकाकी येत नाही, त्यामुळे त्यांना पाऊस, साखर आणि मासा दिसला. मान्यता लगेच मिळाली. खरं सांगायचं तर हे पटलं नाही, परत गेले आणि ताव हातात देऊन तिरके धरायला सांगितले. दोन दिवसांनी फोन आला, त्या तारखा आधीच दिल्या गेल्या आहेत.

१७ ऑगस्ट

आता एका परिचितांच्या बंद पडलेल्या छापखान्यात लावतो आहोत. भाडं नाही, वीज बिल आमचं. काच लावू नका. काचेची चमक यूव्हीची चमक खाऊन टाकते. ताव वरच्या कडेला क्लिपने टांगले आहेत. प्रत्येकाला एकच दिवा, बाजूने, डोळ्याच्या पातळीच्या जरा वर. छतावरचे सगळे दिवे बंद.

आतापर्यंतचा खर्च, ढोबळ: स्क्रीन आणि बोल्टिंग १३,२००, फिल्म ५,६००, कागद ७,८००, शाई व वार्निश ६,४००, यूव्ही छपाई १८,५००, झेरॉक्स, प्रवास आणि दप्तराची फी मिळून साधारण ६,०००. वाया गेलेला माल यातच आला. परवानगीला पैसे दिले असते तर यात आणखी एवढेच घाला.

साठवणीबद्दल: यूव्ही पूर्ण सुकलं नसेल तर ताव एकमेकांना चिकटतात आणि वेगळे करताना वरची सूचना खालच्या पानावर जाते. प्रत्येक दोन तावांमध्ये बटर पेपर घाला, आणि पावसाळ्यात गठ्ठा २५ तावांपेक्षा उंच करू नका. कोणाला चौकटींची मापं हवी असतील तर मी देईन. मात्र नवीन पान करताना तारखेचा कागद आधी शोधा, नंतर मासा.